एका हातात मावणारा फोन आता मिळणारच नाही का?

चाटीगल्लीकर :

नमस्कार मंडळी. फोन बदलायचाय आणि हातात मावेल असा एकही सापडेना, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

मी सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो. दिवसभर उभ्यानं काम. डाव्या हातात पॅकिंग लिस्ट नाहीतर गाठीवरचं लेबल, उजव्या हातात फोन. लेबलचा फोटो काढायचा, पार्टीला पाठवायचा, ट्रान्सपोर्टवाल्याकडून बिल्टी नंबर घ्यायचा, ई-वे बिल निघालं का बघायचं, मध्येच हमालांना आवाज द्यायचा. दुसरा हात रिकामा मिळतच नाही. आत्तापर्यंत पाच इंची जुना फोन होता. शर्टाच्या खिशात बसायचा, वाकलं तरी पडायचा नाही, न बघता अंगठ्यानं चालायचा. आता त्याची बॅटरी फुगलीय, मागचं झाकण उचललंय, आणि बँकेचं अ‍ॅप म्हणतंय की तुमचं अँड्रॉइड जुनं झालं.

नवी पेठेत बरीच दुकानं फिरलो. सगळीकडं तेच. छोटा दाखवा म्हटलं की काउंटरवरचं पोरगं साडेसहा इंची काढतं आणि म्हणतं, 'मालक, याच्यापेक्षा छोटा आता येतच नाही.' हातात धरून बघितला. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये मागं यायचा बाण डाव्या कोपऱ्यात, अगदी वर. तिथं अंगठा न्यायचा तर फोन तळहातातून वर सरकवावा लागतो, करंगळीनं खालून टेकू द्यावा लागतो, आणि तेवढा वेळ सगळा फोन दोन बोटांवर तोललेला. खाली गोदामाचं काँक्रीट.

माझा राग मोठ्या फोनवर नाही. ज्याला पाहिजे त्यानं खुशाल घ्यावा. पण चप्पल घ्यायला गेलं तर सहा नंबरपासून दहा नंबरपर्यंत मिळते, फोन मात्र सगळ्यांनी दहाच नंबरचा वापरायचा? पंधरा-वीस हजारांत एका हातानं काम करणाऱ्या माणसासाठी एकसुद्धा मॉडेल नसावं, हे मला पटत नाही.

विचारायचं एवढंच : कुणाला असा फोन माहीत आहे का? आणि कंपन्यांनी हे बंद का केलं, ते कुणी नीट समजावून सांगेल का?

आशाताई_नीलमनगर :

दादा, तुम्ही माझ्या मनातलं लिहिलंत. मी आशा सेविका आहे. सकाळी घरोघरी भेटी. दारात उभं राहायचं, काखेत रजिस्टर, एका हातात फोन, त्यावर नाव, वय, आधार भरायचं, ओटीपी यायची वाट बघायची. समोर बाळंतीण असली तर मध्येच बाळ हातात घ्यावं लागतं. तेव्हा फोन ठेवायचा कुठं? ड्रेसला खिसा नसतो, असला तर त्यात चार बोटं जात नाहीत. साडीवाल्या ताया कमरेला पाकीट खोचतात, त्यात हे मोठे फोन जात नाहीत. मग पर्समध्ये टाकायचा आणि दर दारात पर्स उघडायची. फोन वाजला की सापडेपर्यंत कट होतो.

आणि एक गोष्ट पुरुष मंडळींच्या लक्षात येत नसेल म्हणून सांगते. आम्हा बायकांचे हात तुमच्याहून लहान. तुमचा अंगठा डाव्या कोपऱ्यापर्यंत पोचत नाही, माझा तर मधल्या ओळीपर्यंत पोचत नाही. मला मिळालेला फोन मी दोन हातांनीच धरते. दोन्ही हात फोनला दिले तर वजनकाटा कोण धरणार? आमच्या गटात जवळजवळ सगळ्यांच्या फोनची काच एकदा तरी फुटलीय, आणि त्याचा खर्च ज्याचा त्यानं करायचा.

होटगीरोड_इंजिनिअर :

चांगला विषय. मी या क्षेत्रात नोकरी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे इंच बघणं सोडा. इंच म्हणजे स्क्रीनचा कर्ण. हाताला कर्णाशी घेणंदेणं नाही, हाताला लागते फोनची रुंदी. २०११ साली सॅमसंगचा पहिला गॅलक्सी नोट आला. ५.३ इंच. तेव्हा लोक म्हणाले, हा काय फोन आहे का? त्याची रुंदी होती सुमारे ८३ मिलिमीटर. आता २०२१ चा आयफोन १३ मिनी घ्या. ५.४ इंच, म्हणजे कागदावर त्या नोटपेक्षा मोठा. रुंदी ६४.२ मिमी. मुठीत बसतो. स्क्रीनभोवतीच्या कडा गेल्या आणि स्क्रीन रुंदीच्या मानानं उंच होत गेली, म्हणून हे घडलं. उंची-रुंदीचं प्रमाण आधी १६:९ असायचं, २०१७ च्या सुमाराला १८:९ आलं, आता २०:९ सर्रास दिसतं. म्हणून दुकानात 'किती इंची' न विचारता 'रुंदी किती मिलिमीटर, वजन किती ग्रॅम' असं विचारा. काउंटरवर माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर असतंच.

आता जुन्या-नव्याची तुलना बघा. मोटोरोलाचा पहिला मोटो जी भारतात फेब्रुवारी २०१४ मध्ये आला. १२,४९९ रुपये, साडेचार इंच, रुंदी ६५.९ मिमी, वजन १४३ ग्रॅम. सामान्य माणसाचा फोन होता तो. जानेवारी २०२५ मध्ये आलेला रेडमी १४सी घ्या. किंमत ९,९९९ पासून, ६.८८ इंच, रुंदी जवळपास ७८ मिमी, वजन दोनशे ग्रॅमच्या वर. तोही सामान्य माणसाचाच. म्हणजे अकरा वर्षांत त्याच गिऱ्हाइकाच्या हातात १२ मिमी रुंदी आणि साठेक ग्रॅम वजन जादा आलं. हात तेवढाच राहिला.

का झालं, तर मुख्य कारण बॅटरी. फोन उघडला तर आत चिप आणि तिचं सर्किट, कॅमेरे, स्पीकर, अँटेना, चार्जिंगचा भाग असतो. फोन छोटा केला म्हणून यातलं काहीच छोटं होत नाही. चिप तेवढीच, कॅमेरा तेवढाच. कमी होते ती फक्त बॅटरीची जागा. बाहेरून थोडं कापलं तरी तो सगळा घाटा एकट्या बॅटरीच्या वाट्याला येतो. आयफोन १२ मिनीत २,२२७ एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीची क्षमता मोजायचं माप) बॅटरी होती आणि तिच्यावर ५जी चालवायचं होतं. लोकांनी संध्याकाळी चार्जर शोधला आणि छोटा फोन म्हणजे लंगडा फोन हे डोक्यात बसलं.

दुसरं कॅमेरा. सेन्सर मोठा झाला की लेन्सही मोठी आणि जाड होते. तिसरं उष्णता. चिपची गरमी फोनच्या पाठीतून आणि स्क्रीनमधून बाहेर पडते. पाठ लहान तर गरमी कोंडते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला असतो, तिथं हे लगेच जाणवतं.

चौथं पैशाचं. छोट्या मॉडेलसाठी वेगळी स्क्रीन, वेगळा साचा, वेगळी चाचणी. विक्री कमी. आणि गिऱ्हाईक म्हणतं, छोटा आहे ना, मग स्वस्त द्या. चिपला तर तेवढेच पैसे पडलेत. आयफोन १२ मिनी भारतात ६९,९०० ला आला होता. सुरुवातीच्या महिन्यांत अमेरिकेतल्या आयफोन विक्रीत त्याचा वाटा पाच-सहा टक्क्यांच्या आसपास असल्याचे बाजार अभ्यासकांचे अंदाज आले. दोन वर्षं मिनी काढून अ‍ॅपलनं २०२२ मध्ये नवा मिनी आणलाच नाही आणि त्या जागी ६.७ इंची १४ प्लस आणला. असुसनं २०२३ पर्यंत ५.९ इंचाचा झेनफोन टिकवला, पुढच्या वर्षीचा झेनफोन थेट ६.७८ इंचाचा. एक-एक करत सगळे गेले.

जुळेसोलापूर_काका :

तुम्हा सगळ्यांचं वाचलं. मला दुसरी बाजू मांडायचीय, राग मानू नका.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय. घरी कॉम्प्युटर नाही आणि शिकायचं वयही नाही. सातबारा, लाइट बिल, पेन्शनचा हयातीचा दाखला, नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, रात्री कीर्तन ऐकणं, सगळं या एका फोनवर. अक्षर मोठं केलं तर जुन्या छोट्या फोनवर एका ओळीत तीन शब्द मावायचे आणि पीडीएफ इकडून तिकडं सरकवून डोळे दुखायचे. मोठा फोन आला आणि मी कुणाला विचारल्याशिवाय माझे व्यवहार करू लागलो. माझ्या वयाच्या माणसाला ही केवढी सुटका आहे, ते तुमच्या वयात कळणार नाही.

करोनात शाळा बंद होत्या तेव्हा आमच्या गावाकडच्या पोरांनी आख्खं वर्ष याच स्क्रीनवर काढलं. एका फोनपुढं तीन-तीन पोरं. तेव्हा पाच इंचात काय दिसलं असतं? ज्या घरात दुसरी स्क्रीन नाही, त्या घराला मोठा फोन लागतो. आपल्या जिल्ह्यात अशी घरं जास्त आहेत.

चाटीगल्लीकर :

काका, राग कसला. तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. माझ्या आईलाही मोठाच फोन घेऊन दिलाय. माझं म्हणणं एवढंच की तुमच्यासाठी दुकानात पन्नास मॉडेल आहेत, आशाताईंसाठी आणि माझ्यासाठी एकही नाही. तुमचं काढून आम्हाला द्या असं कुणी म्हणत नाहीये.

इंजिनिअर साहेब, तुम्ही कष्ट घेऊन लिहिलंत, आभारी आहे. रुंदीचं आजवर कुणी सांगितलं नव्हतं. माझा जुना फोन पट्टीनं मोजला, ७० मिमी भरला. म्हणजे ७२ च्या आत मिळालं तरी चालेल.

नवीपेठ_काउंटर :

दुकानदाराची बाजूही ऐका. आम्ही छोटा फोन ठेवत नाही कारण वितरकाकडूनच येत नाही. पण आला असता तरी ठेवला असता का, हे खरं सांगतो : भीतीच वाटली असती.

गिऱ्हाईक काउंटरवर येतं तेव्हा दोन फोन शेजारी ठेवून बघतं. सारखीच किंमत, एकाची स्क्रीन मोठी. हात आपोआप मोठ्याकडं जातो. घरचे सोबत असतात, तेही म्हणतात मोठा घे, पैसे वसूल होतील. हप्त्यावर घेणाऱ्याला तर वाटतंच की वर्षभर हप्ता भरायचा तर भरपूर दिसलं पाहिजे. २०१६ ला जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, तेव्हापासून माणूस फोन बघायला घेतो, बोलायला नाही. आमच्या डोळ्यांदेखत मागणी बदलली. त्याआधी 'रेंज चांगली धरतो का' असा पहिला प्रश्न असायचा. आता पहिला प्रश्न बॅटरी, दुसरा कॅमेरा.

पण हेही खरं की छोटा मागणारं गिऱ्हाईक रोज येतं. बायका जास्त. ड्रायव्हर येतात, बांधकामावरचे मिस्त्री येतात, नर्स येतात. आम्ही नाही म्हणतो आणि ते शेवटी मोठाच घेऊन जातात. कंपनीच्या हिशेबात ती विक्री मोठ्या फोनची धरली जाते. त्यांना वर कळणार कसं की या माणसाला छोटा हवा होता?

आशाताई_नीलमनगर :

हे शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं बोललात. पर्यायच नाही म्हणून घेतलं, आणि त्यालाच आवड समजलं.

अक्का_अशोकचौक :

मी पूर्व भागातली. आई विड्या वळते, मीही कॉलेज करून वळायची. घरात काम करताना फोन कसा वापरतात ते लिहिते, कारण हे मोठ्या शहरातल्या डिझाइनवाल्यांना दिसत नसणार.

मांडीवर सूप. सुपात तंबाखू, कापलेली पानं, दोरा. दोन्ही हात कामात आणि बोटांना तंबाखूची भुकटी. फोन सुपाच्या कडेला टेकवून ठेवतात, त्यावर तेलुगू मालिका नाहीतर भजन. इथपर्यंत मोठा फोन बरा, लांबून दिसतो. काकांचं म्हणणं इथं लागू होतं.

पण विड्या द्यायला कारखान्यात जायचं तेव्हा डोक्यावर नाहीतर काखेत विड्यांची टोपली, एक हात त्या टोपलीला. फोन ब्लाउजमध्ये खोचायची सवय सगळ्यांची. मोठा फोन तिथं बसत नाही, वाकलं की खाली येतो. म्हणून आई तो घरी ठेवून जाते. मग नेमका तेव्हा बँकेचा ओटीपी येतो, कधी माझा फोन येतो, आणि ती फोनजवळ नसते. तिच्या नावावर स्मार्टफोन आहे, पण बाहेर पडल्यावर तिच्याजवळ फोन नसतो. आता तिच्यासाठी वेगळा बटणांचा फोन घेतलाय. दोन फोन, दोन रिचार्ज. गरिबाच्या घरात दुसरा रिचार्ज म्हणजे थोडे पैसे नाहीत.

फिजिओ_विजापूर_रोड :

माझ्याकडं अंगठ्याच्या बाजूचं मनगट दुखतंय म्हणून येणारे वाढलेत, त्यामुळं थोडं लिहिते. अंगठा ताणणाऱ्या दोन कंडरा (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटाजवळ एका अरुंद आवरणातून जातात. अंगठा पुन्हापुन्हा लांब ताणला, तोही वजन पेलत, की त्या आवरणाला सूज येते. डॉक्टरांच्या भाषेत डी क्वेरव्हेन. बाळाला सतत उचलून घेणाऱ्या नव्या आयांना हा त्रास पूर्वीपासून होतो. आता त्यात फोनची भर पडते. बाळंतिणीला तर दोन्ही एकदम.

घरी बघायचं असेल तर अंगठा मुठीत दाबा आणि मूठ हळूच करंगळीच्या बाजूला वाकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर जोराची कळ आली तर दाखवून घ्या. स्वतःच बाम चोळत महिने काढू नका.

चाटीगल्लीकर, तुम्ही करंगळीच्या टेकूचं लिहिलंत, ते शक्यतो टाळा. दोनशे ग्रॅमचा फोन, वर कव्हर, आणि सगळा भार करंगळीच्या एका बाजूवर. पाठीला लावायची रिंग किंवा पट्टा मिळतो, तो लावला तर बोटं मिटून धरता येतं आणि अंगठ्याला फोन पेलावा लागत नाही. आणि लांब मजकूर बोलून टाइप करा, मराठीत आता बऱ्यापैकी येतं.

सर्किट_सात_रस्ता :

नमस्कार. मी दुरुस्तीचं काम करतो. चाटीगल्लीकर, आधी तुमच्या फुगलेल्या बॅटरीचं बगा. तो फोन चार्जिंगला लावू नका, उचललेलं झाकण दाबून बसवू नका, खिशात तर अजिबात ठेवू नका. भोक पडलं तर पेट घेती. डेटा काढायचा असंल तर दुरुस्तीवाल्याकडं न्या, तो बॅटरी काढून बाहेरून सप्लाय देऊन काढून देईल.

जुन्या छोट्या फोनची बॅटरी बदलून वापरा असं लई जण म्हणतात. मी पण म्हणलो असतो. पण पाच-सहा वर्षं जुन्या अँड्रॉइडची असली बॅटरी आता मिळत नाही. येती ती कॉपी. वर अ‍ॅप बंद पडतंय ते बॅटरी बदलून चालू होत नाही.

छोटा फोन पाहिजेच तर जुन्या बाजारात आयफोन १२ मिनी आणि १३ मिनी फिरतात. १३ घ्या, बॅटरी बरी हाय. २०२५ चं आयओएस २६ दोन्हीवर चालतं. पण घेताना सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ बगा. ८० टक्क्यांच्या खाली असली तर बदलायचा खर्च धरूनच भाव करा. मग जनरलमध्ये अबाउटमध्ये जावा, तिथं पार्ट्सची नोंद दिसती, स्क्रीन-बॅटरी-कॅमेरा बदललाय का, असली हाय का ते कळतं. आधीच्या मालकाचा आयडी निघालाय का ते समोर बसून रीसेट करून बगा. आणि चोरीचा नाही ना, त्यासाठी इंग्रजीत KYM लिहून, मोकळी जागा सोडून आयएमईआय नंबर (फोनचा १५ आकडी ओळख नंबर) १४४२२ वर मेसेज करा. सरकारी सेवा हाय. फोन काळ्या यादीत असला तर उत्तरात कळतं. बिल नसंल तर घेऊच नका, कितीबी स्वस्त असू द्या.

सोलापूरकर_पुण्यात :

मी १३ मिनी वापरतो, घेतला तेव्हापासून. १४१ ग्रॅम. बसमध्ये एका हातानं दांडी धरून दुसऱ्या हातानं पूर्ण फोन चालवता येतो, शेवटच्या कोपऱ्यापर्यंत. हे सुख एकदा मिळालं की सोडवत नाही. पॅन्टच्या पुढच्या खिशात ठेवून दुचाकीवर बसलं तरी टोचत नाही.

त्रासही सांगतो. मॅप लावून दिवसभर फिरलं तर संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकत नाही, पॉवर बँक जवळ लागते. दुसरा त्रास आपल्या भाषेचा. देवनागरी कीबोर्डवर एका ओळीत इंग्रजीपेक्षा जास्त कळा येतात. अरुंद स्क्रीनवर त्या इतक्या बारीक होतात की 'घ' दाबायला जावं आणि 'ग' उमटावा. मी शेवटी रोमन अक्षरांत टाइप करून मराठीत उमटवणारा कीबोर्ड लावला. जो माणूस देवनागरी कळांवरच लिहितो, त्याला ६४ मिमी रुंदी कमी पडेल. माझ्या मते ६८ ते ७१ ही मराठी लिहिणाऱ्यासाठी योग्य रुंदी आहे.

गुगलचा पिक्सेल ४ए आठवतो का कुणाला? २०२० ला भारतात सुरुवातीला २९,९९९ ला आला होता. ६९.४ मिमी, १४३ ग्रॅम, कॅमेरा उत्तम. मधल्या किमतीत छोटा आणि चांगला फोन बनू शकतो हे त्यानं दाखवलं होतं. पुढं त्यांचे ए मालिकेतले फोनही फुगत गेले.

होटगीरोड_इंजिनिअर :

पिक्सेल ४ए चा मुद्दा अगदी बरोबर. त्याच्याही आधीचं उदाहरण सोनीचं. २०१४ चा एक्सपीरिया झेड१ कॉम्पॅक्ट, ४.३ इंच, पण चिप आणि २०.७ मेगापिक्सेलचा कॅमेरा मोठ्या झेड१ चाच. त्या काळात बाकीच्या कंपन्यांचे 'मिनी' म्हणजे नाव मोठ्या भावाचं आणि आत हलकी चिप, कमी रॅम. लोकांनी ते घेतले, फसले, आणि छोट्या फोनवरचा विश्वास गेला. माझं ठाम मत आहे की छोट्या फोनचा बाजार मागणीअभावी जेवढा मेला, त्याहून जास्त या दुय्यम मालानं मारला.

आता थोडी आशेची बातमी. बॅटरीत नवीन प्रकार आलाय, सिलिकॉन-कार्बन. नेहमीच्या बॅटरीत ऋण बाजूला ग्राफाइट असतं. त्याऐवजी सिलिकॉन मिसळलेला कार्बन वापरला तर तेवढ्याच जागेत जास्त लिथियम सामावतं. सॅमसंगचा गॅलक्सी एस२५ घ्या : ६.२ इंच, रुंदी ७०.५ मिमी, १६२ ग्रॅम, बॅटरी ४,००० एमएएच, जुन्या पद्धतीची. जून २०२५ मध्ये भारतात वनप्लस १३एस आला : ६.३२ इंच, रुंदी ७१.७ मिमी, बॅटरी ५,८५० एमएएच. जवळपास तेवढ्याच देहात दीडपटीच्या आसपास बॅटरी. वजन मात्र १८५ ग्रॅम. विवोचा एक्स२०० एफई त्याच मापाचा, बॅटरी ६,५०० एमएएच. म्हणजे छोटा फोन दिवसभर टिकत नाही हे कारण आता चालणार नाही.

अडचण किमतीची. वनप्लस आणि विवो दोन्ही ५४,९९९ ला सुरू झाले. चाटीगल्लीकरांच्या वीस हजारांत यातलं काही बसत नाही. ही बॅटरी स्वस्त फोनमध्येही येऊ लागलीय, पण तिथं कंपन्या तिचा उपयोग फोन छोटा करायला न करता बॅटरीचा आकडा सात हजारांवर न्यायला करतात. इथं खरी चीड येते. तंत्र आहे, कारखाने आहेत. १५ हजारांत ७० मिमी रुंदीचा, ५,००० एमएएचचा फोन बनवायला आज तांत्रिक अडचण मला तरी दिसत नाही.

बाहेरही लोक यासाठी भांडलेत. पेबल घड्याळ काढणारे एरिक मिगिकोव्स्की यांनी २०२२ मध्ये छोट्या अँड्रॉइड फोनसाठी लोकांच्या सह्या गोळा करायला सुरुवात केली, कंपन्यांना मागणी दिसावी म्हणून. तसा फोन त्यातून अजून बाजारात आलेला नाही.

सर्किट_सात_रस्ता :

घडीचा फोन कुणी सुचवायच्या आधी सांगतो. मिटल्यावर खिशात बसतो, खरं हाय. पण उघडल्यावर तो पावणेसात इंचीच. आणि चाटीगल्लीकर टॉवेलच्या कारखान्यात, तिथं सुताचा बारीक धुरळा कायम हवेत. बिजागरीत गेला की संपलं. आतल्या स्क्रीनचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. त्यांनी घेऊ नये.

जुळेसोलापूर_काका :

अक्कांनी आईचं लिहिलंय ते वाचून मी विचारात पडलो. मला वाटत होतं मोठा फोन म्हणजे गरिबाची सोय. पण फोन घरी ठेवून जावं लागत असेल तर ती सोय कसली? दोन्ही मापं मिळाली पाहिजेत, हे मलाही पटलं.

चाटीगल्लीकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. फुगलेला फोन काल सात रस्त्याला देऊन आलो, फोटो आणि नंबर सगळे निघाले.

आता ठरवलंय ते सांगतो. नवीन पन्नास हजारांचा घेणं शक्य नाही आणि कारखान्यात तेवढा महागडा नेणंही बरोबर नाही. जुना १३ मिनी बिलासकट मिळाला तर तो, बॅटरी बदलायचा खर्च धरून. कामाचं सगळं टायपिंग इंग्रजीतच असतं, त्यामुळं कीबोर्डची अडचण मला नाही. नाही मिळाला तर ७२ च्या आतलं दोन-तीन वर्षं जुनं अँड्रॉइड, चांगल्या अवस्थेतलं.

शिवाय एक करतोय. ज्या कंपन्यांचे फोन आपल्याकडं जास्त विकले जातात, त्यांच्या ग्राहक सेवेला मराठीत लेखी पत्र पाठवतोय : रुंदी ७० मिमी, किंमत २० हजारांच्या आत, पाच वर्षं अपडेट, दोरी अडकवायला भोक. दोरीचं आशाताईंसाठी. मजकूर उद्या इथंच टाकतो, ज्याला पटेल त्यानं आपापल्या नावानं पाठवा. नवी पेठवाले, तुम्ही दुकानदार म्हणून पाठवलंत तर जास्त वजन पडेल.

आशाताई_नीलमनगर :

नक्की टाका. आमच्या गटातल्या सगळ्या पाठवतील. तोपर्यंत हातात आहे त्या मोठ्या फोनवर काही सोय होते का?

होटगीरोड_इंजिनिअर :

होते ताई. सॅमसंग असेल तर सेटिंग्ज, अ‍ॅडव्हान्स्ड फीचर्स, वन-हँडेड मोड. बाकीच्या बहुतेक अँड्रॉइडवर सेटिंग्जच्या वरच्या शोधात 'वन-हँडेड' टाका. चालू केलं की खालच्या कडेवर बोट खाली ओढायचं, स्क्रीन अर्ध्यावर उतरते (सॅमसंगवर लहान होऊन एका बाजूला येते) आणि वरचं बटण अंगठ्याखाली येतं. गुगलच्या कीबोर्डवर स्वल्पविरामाची कळ दाबून धरली की एका हाताचं चिन्ह येतं, त्यानं कळा एका बाजूला सरकतात. आयफोनवर सेटिंग्ज, अ‍ॅक्सेसिबिलिटी, टच, रीचेबिलिटी.

नवीपेठ_काउंटर :

पत्र मी दुकानाच्या लेटरहेडवर पाठवतो, शेजारच्या दुकानदारांनाही सांगतो. आणि आजपासून काउंटरवर एक वही ठेवलीय. छोटा फोन मागून नाही मिळाला, अशा प्रत्येक गिऱ्हाइकाची त्यात नोंद : काम काय करतात, बजेट किती, कुठल्या मापाचा पाहिजे. नाव-नंबर घेणार नाही. कंपनीचा माणूस दुकानात येईल तेव्हा वहीच त्याच्यापुढं ठेवतो. आशाताई, दोरीचं कव्हर आहे माझ्याकडं, येताना फोन घेऊन या, मॉडेल बघून देतो.